उसनी गिटार, घरचं गाणं : रेमो फर्नांडिस यांच्याविषयी

(गणपतीपुळे इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत्ता येताना देवळाकडून पेटीचे सूर ऐकू येत होते, भजन चालू होतं. मी दोन मिनिटं थांबलो आणि मग इकडे आलो. ती पेटी लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटलं, असं संयोजक म्हणाले. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, वय सत्तरीच्या पुढे, गणपतीपुळ्यात येऊन बोलणार कशावर, तर गोव्यातल्या एका रॉक गिटारवादकावर. (हशा) मागच्या वेळी मी इथे अद्वैतावर बोललो होतो, तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं आणि अर्धी मंडळी झोपली होती. (हशा) त्यामुळे हा बदल चांगलाच म्हणायचा.

पण विषय निवडण्यामागे माझं एक जुनं देणं आहे. ते आधी सांगतो.

1986-87 च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवत होतो. गॅदरिंगमधल्या गायनस्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. भावगीतं झाली, नाट्यपदं झाली आणि मग जयगडकडचा एक मुलगा गिटार घेऊन उभा राहिला. त्यानं स्वतः लिहिलेलं मराठी गाणं म्हटलं. गाणं होतं गावात वस्तीला येणाऱ्या एसटीवर. रात्री उशिरा येणारी गाडी, तिची वाट बघत थांबलेली माणसं, मुंबईहून कोण उतरतं ते बघायला आलेली म्हातारी. मी त्याला बक्षीस दिलं नाही, एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण परीक्षकाचं मनोगत म्हणून माइक हातात आला आणि मी म्हणालो, ‘हे अनुकरण आहे. आपल्या मातीत इतकं असताना परक्याचं वाद्य गळ्यात कशाला अडकवायचं?’ टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्टाफरूमच्या दारात आला. हातात एक कॅसेट होती. म्हणाला, ‘सर, हे गोव्याचे आहेत, एकदा ऐका ना.’ ती कॅसेट रेमो फर्नांडिस यांची होती. आठवड्यानं मी ती परत केली. ऐकली होती का, असं त्यानं विचारलं नाही. मी ऐकली नव्हती. पुढे तो कॉलेजच्या स्टेजवर कधी दिसला नाही. माझ्यामुळेच, असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच महत्त्व दिल्यासारखं होईल. पण त्यात माझा वाटा होता.

निवृत्तीनंतर मी रेमो ऐकले. नीट, पुन्हा पुन्हा ऐकले. आणि माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी मी वाद्य ऐकलं होतं, गाणं ऐकलंच नव्हतं. तेव्हा आजचा प्रश्न असा : एखादं गाणं ‘आपलं’ आहे, हे कशावरून ठरवायचं? वाद्यावरून, भाषेवरून, की आणखी कशावरून?

आता माणसाची ओळख करून देतो. रेमो माझ्याच पिढीचे. जन्म 8 मे 1953, पणजी. घराणं मूळचं बार्देशातल्या शिवोलीचं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या बालपणाच्या मधोमध राज्य बदललं. त्या काळी पणजीतल्या सुशिक्षित कॅथलिक घरांत पोर्तुगीज बोलली जायची, रस्त्यावर आणि स्वयंपाकघरात कोकणी, आणि मुक्तीनंतर शाळांमधून इंग्रजीचं महत्त्व वाढत गेलं. तीन भाषांच्या तिठ्यावर वाढलेला हा मुलगा.

मुक्तीच्या आधीच एक गोष्ट घरात आली होती. लंडनहून आलेल्या एका नातेवाइकानं बिल हेली यांची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही रेकॉर्ड आणली. ती ऐकून त्या मुलाच्या डोक्यात जे घुसलं ते पुन्हा बाहेर निघालं नाही. शाळेत असतानाच बँड झाला. पुढे वास्तुशास्त्र शिकायला मुंबईत जे. जे. मध्ये आले. तिथे अभ्यास किती झाला ते सोडा, पण ‘द सॅव्हेजेस’सारख्या त्या वेळच्या नावाजलेल्या बँडबरोबर ते वाजवू लागले. 1977 ते 1980 या काळात युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकले. वाटेत मिळेल त्या गाडीला हात करायचा, मिळेल तिथे वाजवायचं. आणि मग परत आले.

हे परत येणं महत्त्वाचं आहे. त्या काळी पाश्चात्त्य वाद्य वाजवणाऱ्या गोवेकराची ठरलेली वाट मुंबईकडे जायची. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद कुणी उभा केला? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट अशा गोव्याच्या माणसांनी. सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जात होतं. त्यामुळे कागदावरचं संगीत वाचून वाजवणारे लोक तिथे गावोगाव होते. मुंबईच्या सिनेमाला तेच हवे होते. चाल दुसऱ्याची, नाव दुसऱ्याचं, वाजवणारे हे. शेकडो गाण्यांना ज्यांनी अंग दिलं, त्यांची नावं पडद्यावर यायची नाहीत. रेमोंना ही वाट मोकळी होती. ते मात्र शिवोलीला, घरी जाऊन बसले.

घरी बसून काय केलं? इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण तंत्र कळल्याशिवाय त्यातलं धाडस कळत नाही. आपली साधी कॅसेट असते तिच्या फितीवर चार पट्ट्या असतात. दोन ‘ए’ बाजूच्या, दोन ‘बी’ बाजूच्या. 1979 साली असं एक छोटं यंत्र बाजारात आलं, की ते या चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरायचं. म्हणजे एकटा माणूस आधी ढोल-ताशाचा ठेका एका पट्टीवर नोंदवणार, तो कानात ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार, तिसरीवर बासरी. मग या तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, की पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या. त्यावर आणखी वाद्यं, मग आवाज. तोटा असा, की दर उतरवणीला फितीची खरखर वाढत जाते आणि एकदा उतरवलेलं परत सुटं करता येत नाही. चूक झाली तर सगळं पहिल्यापासून. अशाच प्रकारच्या चार पट्ट्यांच्या यंत्रावर अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी घरात बसून ‘नेब्रास्का’ केला, 1982 साली. पण त्यांच्यामागे मोठी कंपनी होती, ते तेव्हाच प्रसिद्ध होते. शिवोलीत तसं काही नव्हतं.

1984 साली ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट आली. शब्द, चाल, सगळी वाद्यं, आवाज, रेकॉर्डिंग, सगळं एका माणसाचं. आणि वितरणही! आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घालून रेमो स्वतः दुकानोदुकानी जायचे. त्या काळच्या रेकॉर्ड कंपन्यांचा हिशेब सरळ होता : इंग्रजी गाणं हवं तर ते परदेशातून येतं, देशी गाणं हवं तर ते सिनेमातून येतं. स्वतःची गाणी इंग्रजीत लिहिणारा गोव्यातला माणूस त्यांच्या कुठल्याच खणात बसत नव्हता. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आली, गोव्याच्या जुन्या पारंपरिक गाण्यांची. 1986 मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’, 1987 मध्ये ‘बॉम्बे सिटी’. चार वर्षांत चार. माझं मत मी आत्ताच सांगून टाकतो : रेमो नावाचा गीतकार आपल्याला पूर्णपणे भेटतो तो या चार वर्षांत.

का? कारण ही गाणी कुणाला तरी उद्देशून आहेत. त्यात गावातली माणसं आहेत, न लागणारे टेलिफोन आहेत, आश्वासनं देणारे मंत्री आहेत, किनाऱ्यावर आलेले हिप्पी आहेत. ‘स्मॅक’ म्हणजे हेरॉइन. साठीच्या दशकाच्या अखेरीला हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर परदेशी तरुण आले, त्यांच्याबरोबर नशा आली. ऐंशीच्या दशकात ती स्थानिक पोरांच्या हातात पोचली. त्या वेळी रॉक संगीत आणि नशा ही जोडी सगळ्या जगात गृहीत धरलेली होती. आणि हा रॉक वाजवणारा माणूस त्या पोरांना सांगत होता, हे फेकून द्या. रॉकच्या रिवाजाप्रमाणे ही बंडखोरी नाहीच. पण कळंगुटच्या शेजारी राहून, रोज हे डोळ्यांनी बघून त्याला दुसरं काय सुचणार? आयता रिवाज त्यानं मोडला, तो आपल्या गावाकडे बघून.

आता हा मुद्दा आपल्या भाषेत मांडतो. तुमच्याकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. जाखडीचा शाहीर काय करतो? चाल कधी जुनी, कधी कुठल्या सिनेमाची. पण त्यावर शब्द नवे, आजचे. रस्ता झाला नाही, सरपंचानं काय केलं, मुंबईच्या चाकरमान्याचे हाल. डबलबारीतला भजनी बुवा समोरच्या बुवाला जाग्यावर उत्तर देतो. चाल कुठून आणली, असं आपण त्याला विचारतो का? नाही. आपण विचारतो, ‘जबाब दिला की नाही?’

गोव्यात हेच काम कांतार करतं. तियात्र म्हणजे कोकणी संगीत नाटक. 1892 साली पहिला तियात्र झाला, तोही मुंबईत. त्याच्या प्रवेशांच्या मधेमधे गायक पुढे येऊन जी गाणी म्हणतात ती कांतारां. वाद्यमेळ पाश्चात्त्य : ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम. आणि शब्दांत चालू राजकारणाची साल काढलेली. पुढाऱ्यांची नावं घेऊन. रेमोंच्या गाण्यांना एल्व्हिस आणि बीटल्स हे एक कूळ आहे हे खरंच. पण दुसरं कूळ हे आहे, आणि समीक्षेनं ते फारसं बघितलेलं नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांना तियात्र माहीत नव्हता, आणि आम्हा मराठी समीक्षकांना रेमो ऐकायचे नव्हते.

या कुळाचा पुरावा म्हणून एकच प्रसंग सांगतो. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले. सरकारी कार्यक्रमात रेमोंना गायला बोलावलं होतं. अशा वेळी काय गातात ते आपल्याला माहीत आहे. रेमोंनी ‘हॅलो राजीव गांधी’ असं थेट नाव घेऊन गाणं म्हटलं आणि गोव्यात काय बिघडलंय ते पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितलं. गोव्यात गदारोळ झाला, पाहुण्याचा अपमान केला म्हणून टीका झाली. रेमोंनी सरळ पंतप्रधानांनाच लिहिलं, आणि त्यांचं उत्तर आलं, की गाणं आम्हाला आवडलं. इथे मला गंमत दिसते ती अशी : ज्याला उद्देशून गाणं होतं त्याला ते कळलं, राग मधल्या लोकांना आला. शाहिराच्या बाबतीत नेहमी असंच होतं.

आता त्या जुन्या आक्षेपाकडे येतो, जो मीच घेतला होता. अनुकरण. परक्याचं वाद्य.

देवळातली पेटी आठवा. ती कुठली? हार्मोनियम 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये घडला. मिशनऱ्यांबरोबर इकडे आला, आपल्या कारागिरांनी पायपेटीची हातपेटी केली, आणि आज त्याच्याशिवाय भजन उभं राहत नाही. नाटक कंपन्यांनी ऑर्गन आणला, त्यावर नाट्यसंगीत पोसलं. मजा अशी, की आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. कारण काय, तर वाद्य परकं, आपली मींड त्यात निघत नाही, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत. तो तांत्रिक मुद्दा खोटा नव्हता. मींड खरंच निघत नाही. पण तीस वर्षं रेडिओनं बाहेर ठेवलेलं वाद्य त्या तीस वर्षांत कोकणातल्या वाडीवाडीत पोचलं. कारण वाडीतल्या लोकांनी पेटीला ‘तू कुठली?’ असं विचारलं नाही. ‘आमच्या अभंगाला साथ देशील का?’ एवढंच विचारलं.

मग गिटारनं काय घोडं मारलं होतं? इथे एक खरा सांगीतिक फरक आहे, तो झाकून चालणार नाही. आपलं संगीत एकस्वरी आहे. एक धून, तिच्यावर नक्षी. पेटी त्या धुनेमागून चालू शकते. गिटारचा स्वभाव निराळा. सहा तारा एकदम छेडल्या की स्वरांचा गुच्छ येतो, आणि धून त्या गुच्छावर उभी राहते. गोव्यात चर्चच्या गायनानं लोकांच्या कानाला याची सवय झालेली होती. दोन माणसं गायला बसली की दुसरा आपोआप तिसऱ्या स्वराच्या अंतरावरून गाऊ लागतो. मांडो घ्या. संथ, सहा मात्रांचा, साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट तुम्हाला परकं नाही. खाली सिंधुदुर्गात आणि गोव्यात चतुर्थीला घुमटावर आरत्या होतात. म्हणजे एकाच मातीच्या मडक्यावर गणपतीची आरतीही वाजते आणि ख्रिस्ती घरातला मांडोही. घुमटानं कधी धर्म विचारला नाही, आपण मात्र गिटारला विचारला.

म्हणून रेमोंच्या हातात गिटार ‘परकी’ नव्हतीच. त्यांच्या गावाच्या कानात तिची जागा तयार होती. ‘त्यांना शोभतं, आपल्याला नाही,’ असं कुणी यावर म्हणेल. त्याला माझं उत्तर इथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. मालगुंड. केशवसुतांचा जन्म तिथला, 1866 चा. जेमतेम एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य, गरिबीतला शाळामास्तर. या माणसानं मराठी कविता बदलली, ती काय मातीतून आपोआप उगवलेल्या गोष्टींनी? इंग्रजी कवी वाचून. चौदा ओळींचं सुनीत त्यांनी मराठीत आणलं, जे इटलीत जन्मलं आणि इंग्लंडात वाढलं. ‘तुतारी’ नाव आपलं, पण त्या कवितेतला धीट ‘मी’ त्यांनी परक्या वाचनातून उचलला आणि आपल्या समाजाला सुनावण्यासाठी वापरला. तेव्हाही त्यांना अनुकरण म्हणणारे होते. आज आपण त्यांचं स्मारक बांधून बसलोय.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी स्वत्वाच्या दोन कल्पना शिकवायचो. पहिली : स्वत्व म्हणजे माझ्याकडे असलेला ऐवज, तो जपायचा, त्यात भेसळ होऊ द्यायची नाही. दुसरी : स्वत्व म्हणजे मी ज्यांना उत्तर द्यायला बांधलेला आहे त्यांच्याशी असलेलं नातं. तीस वर्षं मी दुसरी कल्पना बरोबर आहे असं शिकवलं आणि गॅदरिंगच्या माइकवर पहिली बोललो. (हशा) हसा, हसण्यासारखंच आहे. दुसऱ्या कल्पनेनं बघितलं, तर गाणं कुणाचं हे वाद्य सांगत नाही. ते कुणासमोर उभं राहून उत्तर द्यायला तयार आहे, ते बघायचं. शिवोलीच्या दुकानात स्वतः कॅसेट नेऊन देणारा माणूस रोज उत्तर द्यायला उभा होता. गाणं फसलं तर दुकानदार तोंडावर सांगणार.

आता हीच कसोटी त्यांच्या पुढच्या कामाला लावली पाहिजे. नुसतं कौतुक करायचं तर समीक्षा कशाला?

1985 मध्ये श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ आला. 1961 च्या गोव्याची गोष्ट. त्यात रेमो गातात, आणि ते त्या घरातलेच वाटतात. मग ‘जलवा’चं शीर्षकगीत, 1987. देशभर नाव झालं. 1995 च्या हिंदी ‘बॉम्बे’मध्ये रहमान यांचं ‘हम्मा हम्मा’, 1998 मध्ये ‘प्यार तो होना ही था’. आवाज काय आहे! रुंद, थोडा घोगरा, हसऱ्या माणसाचा. पण या गाण्यांत गीतकार रेमो कुठे आहे? शब्द दुसऱ्याचे, चाल बहुतेक वेळा दुसऱ्याची. सिनेमाला हवा होता तो एक रंग : गोवा म्हणजे समुद्र, दारू, पार्टी, मजा करणारा खुशालचेंडू. हिंदी सिनेमानं गोवेकराचं जे सोंग पिढ्यान्‌पिढ्या रंगवलं, त्याला आता खराखुरा गोव्याचा आवाज मिळाला. ज्या जुन्या वाद्यवाल्यांच्या वाटेनं जायचं रेमोंनी नाकारलं होतं, त्याच वाटेवर ते पुढे थोडेसे आले, फरक इतकाच की पडद्यावर आता नाव होतं. पैसे मिळाले, लोकप्रियता मिळाली, यात वावगं काही नाही. पण ऐकताना मला जाणवतं, की इथे ते कुणालाच उत्तर देत नाहीत.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे. 1986 मध्ये गोव्यात राजभाषेसाठी आंदोलन पेटलं होतं. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला, 30 मे 1987 ला गोवा घटकराज्य झालं. कोकणी की मराठी यावरून घराघरांत दुफळी होती. त्याच दोन-तीन वर्षांत रेमोंची सर्वांत चांगली गाणी बनत होती, आणि ती मुख्यतः इंग्रजीत. ही त्यांची मर्यादा आहे, असं मी मानतो. शिवोलीच्या तिठ्यावरच्या मासे विकणाऱ्या बाईला ती गाणी कितपत कळली असतील? कांतारवाला तिच्याशी बोलत होता, रेमो तिच्याविषयी बोलत होते. या दोहोंत अंतर आहे. त्या अंतरामुळे कधी कधी गावची माणसं गाण्यात गमतीचा विषय होऊन बसतात, ऐकणारा मात्र पणजीचा किंवा मुंबईचा इंग्रजी शिकलेला. जुन्या गाण्यांतले काही विनोद आज शिळे वाटतात ते यामुळेच. पण हेही खरं, की इंग्रजीत लिहिल्यामुळे त्यांना बीटल्सची नक्कल करायची आयती सोय होती. लंडन-न्यूयॉर्कविषयी लिहिलं असतं तर मुंबईत खपलंही असतं. त्यांनी परक्या भाषेत आपल्या गावाची तक्रार लिहिली.

शेवटचा मुद्दा. 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा ही वाट ठेवतो, आणि हजारो गोवेकरांनी ती घेतली आहे. लगेच प्रश्न आला, ‘मग हे आपले कसे?’ बघा, प्रश्न तोच आहे. आधी वाद्यावरून विचारला, मग भाषेवरून, आता पासपोर्टावरून. कोकणातल्या माणसानं तरी हा प्रश्न जपून विचारावा. आपली निम्मी गावं मुंबईत आहेत, आखातात आहेत. शिमग्याला पालखी नाचवायला जो येतो तो आपला, हे आपल्याला कळतं. नागरिकत्वाचा कायदा आपल्या जागी आहे, पण ‘गोवन क्रेझी’ शिवोलीत झाली आणि शिवोलीविषयी झाली, हे कुठला पासपोर्ट बदलणार?

इथे थांबतो. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून एक प्रश्न : सर, मग मराठीत असा कुणी का झाला नाही?)

चांगला प्रश्न. अगदीच झाला नाही असं नाही. नंदू भेंडे आठवा. आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. 1974 च्या मुंबईतल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते जुडास झाले होते, आणि 1978 च्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये, म्हणजे पु. लं.नी ब्रेख्तवरून केलेल्या नाटकात, मराठी रंगभूमीवर रॉकचा गळा त्यांनी आणला. 2014 साली ते गेले. गळा होता, तयारी होती, घराणं तर नाटकवाल्यांचं. पण ते मुख्यतः गायक-नट होते. स्वतःच्या वस्तीची तक्रार स्वतः लिहून गिटारवर गाणारा, असा माणूस आमच्याकडे टिकला नाही. कारणं बरीच आहेत. भावगीतात कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा अशी वाटणी पक्की होती. कॅसेटी निघत होत्या त्या भक्तिगीतांच्या. आणि एक छोटं कारण म्हणजे माझ्यासारखे परीक्षक. वस्तीच्या एसटीवर गाणारा मुलगा मी ऐकला होता, मघाशी सांगितलं ना.

(दुसरा प्रश्न : मी इथल्या एका हॉटेलात संध्याकाळी गिटार वाजवतो. पर्यटकांना सगळी हिंदी गाणीच हवी असतात. मग काय करायचं?)

हिंदी वाजवा की! पोट आहे. रेमोंनीही वाजवलं. पण आठवड्यातलं एक गाणं असं लिहा, जे पर्यटकाला कळलं नाही तरी चालेल, पण मालगुंडच्या तुमच्या शेजाऱ्याला कळलं पाहिजे. ते त्याला म्हणून दाखवा, आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्या. तो म्हणेल ते चांगलंच असेल असं नाही. ‘हे काय लावलंस?’ असंही म्हणेल. म्हणू द्या. आणि मराठीत लिहा, कोकणीत लिहा, संगमेश्वरीत लिहा. रेमोंनी जे अंतर ठेवलं ते तुम्हाला ठेवायचं कारण नाही.

आणि गॅदरिंगला परीक्षक म्हणून कुणी मास्तर बोलावलात, तर त्याला आधी विचारायला लावा, गाणं कशावर आहे. वाद्याचं मागाहून बघता येतं.

उशीर झालाय, काही जणांना शेवटची गाडी गाठायची आहे.